प्रेबेनचा झेंडा माझ्या अंगणात

प्रेबेनने चाळीस वर्षं आमच्या बंदरात मच्छीमारांच्या होड्या रंगवल्या. निळ्या, हिरव्या, लालभडक. त्याच्या नखांकडे पाहून कळायचं, आज कुणाची होडी झाली ते. आणि आता हा माणूस राहतो कुठे, तर ओटच्या फिक्कट लापशीसारख्या घरात!

चार वर्षांपूर्वी त्याची बायको विबेके शाळेत शिकवता शिकवता कोसळली. तीन महिने इस्पितळात काढून घरी आली तेव्हा म्हणाली, "हे रंग माझ्या डोक्यात ओरडतात रे." प्रेबेनने त्याच आठवड्यात सगळ्या भिंती वाळूच्या रंगाच्या केल्या. मग सोफ्याला कोऱ्या तागाचं कापड आलं, टेबल साबणाने घासून पांढरट झालं, फुलदाणीत सुकलेलं गवत आलं. खरं सांगते, घर देखणं झालं आणि विबेके बरी झाली. पण थांबायचं कुणाला सुचलंच नाही. जेवणातून बीट गेलं, प्रेबेनचा निळा स्वेटर गेला. आमच्याकडे बूट दाराशी काढतात, म्हणून मोज्यांचाही रंग ठरला.

"अरे, तोंड उघड की कधी!" मी म्हणायची.

"काय बोलू, बोडिल? हसते ती आता. आणि रंगवलंय मीच ना सगळं."

या जूनमध्ये त्याला सत्तर पूर्ण होणार होती. वाढदिवसाला आम्ही अंगणातल्या काठीवर देशाचा लाल-पांढरा झेंडा चढवतो, टेबलावर छोटे झेंडे मांडतो. झेंडा दिसला की शेजारीपाजारी आपसूक केक खायला येतात. विबेकेने त्यांच्या अंगणातली काठी गेल्या वर्षीच काढायला लावली होती. टेबलासाठी तिने झेंडे शिवले, तेही फिक्कट तागाचे.

"शरण आल्यासारखं वाटतं गं," प्रेबेन आमच्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी म्हणाला. "तुझ्या काठीवर लावशील? मला नुसता बघायचाय."

मी सकाळी आठला चढवला. नऊला दारात बेकरीवाला मोगेन्स, हातात फुलं. "लबाड कुठली! सांगितलं नाहीस ते?" मागोमाग बंदरातले पाच जण. झेंडा जिथे, वाढदिवस तिथे. त्यांचं काय चुकलं?

"माझा नाही रे बाबांनो, ह्याचा!" मी माझ्या स्वयंपाकघराकडे बोट केलं. तिथे सकाळीच येऊन प्रेबेन खिडकीतून झेंड्याकडे बघत बसला होता. मग काय विचारता! गाणं झालं, स्ट्रॉबेरीचा केक आला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याला पोट धरून हसताना पाहिलं. बाहीवर लाल डाग पडला तरी त्याला पत्ता नव्हता.

तेवढ्यात विबेके आली.

"मी टेबल मांडून वाट बघत होते," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हातातलं पुडकं पुढे केलं. आत ओटच्या रंगाचा शर्ट होता, तिने स्वतः शिवलेला.

प्रेबेनने तो तिथेच चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. "छान बसलाय," म्हणाला आणि तिच्यामागून निघाला.

पाच मिनिटांत एकटाच परत आला. "उतरव ना गं. आमच्या बैठकीतून दिसतो."

माझं डोकं सणकलं. "तुला हवाय ना पण?"

"हवाय," तो म्हणाला. "म्हणूनच उतरव. समोर फडकत राहिला तर मला तिथे बसवणार नाही."

झेंडा खरं तर सूर्यास्तापर्यंत ठेवायचा असतो. मी दोरी सोडली तेव्हा अकराही वाजले नव्हते.