साडूचं मोठं सॉफ्टवेअर

फोटो सुधारायचं माझं सॉफ्टवेअर उघडलं की आधी हसतं. पांढरा पडदा, गुबगुबीत बटणं आणि मधोमध कुत्र्याच्या पिलाचं चित्र. आज काय गंमत करायची, अशा अर्थाचं काहीतरी ते विचारतं. समोर बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा श्रद्धांजलीचा फोटो करून हवा असतो. मी पडदा पटकन माझ्या बाजूला वळवून घेतो.

सांगलीत माझ्या साडूकडे जे आहे ते हसत नाही. ते काळंभोर उघडतं. दोन्ही कडांना बारीक करड्या खुणांच्या रांगा, आणि कुठली खूण काय करते हे वरून मुळीच कळत नाही. गिऱ्हाईक ते पाहून खुर्चीत सरळ बसतं.

दोन्ही एकाच कंपनीची. माझं घरगुती, त्याचं व्यावसायिक. माझं एकदाच विकत घेतलं की झालं. त्याच्या सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं भरावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवर दोघांची तुलना करणारा तक्ता आहे. त्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा आहेत. माझ्या रकान्यात मध्ये मध्ये नुसती आडवी रेघ आहे. नापास म्हणायला संकोच वाटावा, तशी ती रेघ. पाटणच्या बाजारपेठेत दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी तो तक्ता काढून बसायचो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघं फोटोवाले आहोत हा योगायोग नाही. त्याचं स्थळ आलं तेव्हा सासरे म्हणाले होते, थोरल्या जावयाचं फोटोवर बरं चाललंय, हाही फोटोवालाच आहे, देऊन टाकू. म्हणजे तो माझ्या जिवावर पसंत झाला. पुढे त्याने काचेच्या दरवाजाचं दुकान काढलं आणि आत वातानुकूलन बसवलं. माझ्या दुकानात पंखा आहे. तो फिरायला लागला की पार्श्वभूमीचा पांढरा पडदा हलतो, म्हणून पासपोर्ट फोटोच्या वेळी तो बंद ठेवतो.

मागच्या उन्हाळ्यात सांगलीला त्याच्याकडे गेलो होतो. पडद्यावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चालू होता. पुढारी मधे, त्याच्या मागे उगवता सूर्य, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी आपापल्या वजनाप्रमाणे लहानमोठी लावलेली. एक शुभेच्छुक स्वतः शेजारी बसून आपलं मुंडकं किती वाढतंय यावर नजर ठेवून होता. साडूने ते नखभर वाढवलं तेव्हा त्या गृहस्थांनी चहा मागवला. मी मनात म्हटलं, एवढं महागाचं सॉफ्टवेअर आणि त्याचा उपयोग हा. पण चहा पिताना हेही लक्षात आलं, की माझ्या दुकानात अजून कुणी स्वतःचं डोकं वाढवायला आलेलं नाही.

शुभेच्छुक गेल्यावर साडूने दुसरा फोटो उघडला.

"पाव्हणं, ह्ये बघा. आपल्या मामींच्या शेजारचं हाय. नातवाच्या लग्नात आजा पायजे हुता त्यास्नी."

"आजा तर कधीच गेला."

"म्हणून तर पायजे हुता."

मामी म्हणजे आमच्या सासूबाई. या कामाला आमच्या धंद्यात बसवणं म्हणतात. गेलेल्या माणसाला घरच्या फोटोत बसवायचं. मतदार ओळखपत्रावरचा चेहरा घ्यायचा, दुसऱ्या कुणाचं तरी धड घ्यायचं, वर फेटा चढवायचा आणि नवरानवरीच्या मागे उभं करायचं. आमची निम्मी कला मेलेल्यांवर खर्च होते. मी बसवलेला माणूस पाकिटावर चिकटवलेल्या तिकिटासारखा दिसतो. साडूने बसवलेला आजा पंगतीत जेवून उठल्यासारखा दिसत होता. त्याची सावली नवरीच्या शालूवर पडली होती, आणि तीही बाकीच्या सावल्यांच्याच दिशेला.

"सावली कशी काय आणली?" विचारायचं नव्हतं, पण विचारून गेलो.

"येगळी लेअर घेतली, फोटूवर काचंचा थर ठेवल्यागत. तुमच्यात न्हाई का ती सोय?"

"गरज पडत नाही."

"व्हय, पाटणला कशाला पडंल," तो मनापासून म्हणाला. तो कधीच खोचक बोलत नाही. त्यामुळे त्याच्यावर रागावायला मला फार कष्ट पडतात.

त्यानंतर काही महिन्यांनी सासुरवाडीला, जत तालुक्यातल्या गावी, नव्या घराची वास्तुशांत झाली. घर बांधलं माझ्या मेहुण्याने. दोन बहिणींच्या पाठचा एकुलता भाऊ, सगळे त्याला भावड्याच म्हणतात. तो सैन्यात आहे. कुठे आहे ते सांगत नाही, थंडी लय हाय एवढंच सांगतो. त्याच्या पगारावर घर उभं राहिलं आणि वास्तुशांतीला त्यालाच रजा मिळाली नाही. पुढच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल अशा भिंतीवर, सासूबाईंनी गवंड्याकडून आधीच एक खिळा ठोकून घेतला होता.

"हितं आमचा समद्यांचा फोटू लागंल," त्या म्हणाल्या. "घरात दोन-दोन फोटूवालं जावई हायती."

पाटणला आम्ही मोठी फ्रेम दोन खिळ्यांवर टांगतो, खालून तारही बांधतो. कोयनेकडची जमीन अधूनमधून हलते, सवय झाली आहे. इथे मात्र एकच खिळा होता आणि जावई दोन. बाकीच्यांना पूजेचं पडलं होतं. मला तेवढा तो खिळा दिसत होता.

साडूने गाडीतून छत्रीचे दिवे काढले, अंगणात दोरी बांधून कापड लावलं आणि सगळ्यांना उभं करायला लागला. शेजारपाजारचे लोक कुंपणाला येऊन थांबले. मी कॅमेरा गळ्यात अडकवून एका बाजूला उभा राहिलो. पोरं मला विचारत होती, तुम्ही बघायला आलाय का.

"मामा, तुमी जरा डावीकडं. मामी, तुमी हिकडं. आनि थोडं. हितं मधी जागा ऱ्हाऊ द्या, भावड्याची. त्यो नंतर येतोय."

"कुटनं येतोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"सांगलीत येतोय," साडू म्हणाला. सगळे हसले. सासूबाई आत कुणाला तरी हाक मारत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

त्याने टायमर लावला आणि पळत जाऊन बायकोशेजारी उभा राहिला. मीही माझा कॅमेरा खुर्चीवर ठेवून टायमर लावला आणि आमच्या हिच्या शेजारी जाऊन थांबलो. त्याचा फोटो समोरून निघाला, माझा किंचित बाजूने. त्याच रात्री भावड्याने घरच्या ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकला. बर्फाची टोपी, जाड कोट, मागे करडी भिंत. दोघा दाजींना काम सोपं जावं म्हणून तो अगदी ताठ उभा होता.

पाटणला येऊन मी कामाला लागलो. घरगुती सॉफ्टवेअरमध्ये माणूस कापून घ्यायचं एक बटण आहे. ते दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं, माणूस कुठे संपतो. भावड्याचा डावा कान त्याला भिंतीचा भाग वाटला. कान परत आणला तर कानामागची भिंतही आली. भावड्याच्या अंगावर बर्फातला निळा उजेड, आणि बाकी सगळे जतच्या उन्हात.

"आवं, त्येचा कान कुटं गेला?" बायकोने मागून विचारलं.

"येतोय."

"धाकटीचा फोन आलता. तिच्या ह्यांनी कालच केला म्हणं पुरा." मग थोड्या वेळाने, "भाड्यानं घ्या की तुमी पण ते मोठं. लोक घरं घेत न्हाईत व्हय भाड्यानं?"

काही दिवस फुकट वापरून पाहा, असं कंपनी म्हणते. मी मोठं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. उघडल्यावर काळा पडदा आला आणि मला फार बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं. पुढचे चार-पाच दिवस मी त्या करड्या खुणांमध्ये, नव्या शहरात घर नंबर शोधावा तसा फिरत होतो. एक लेअर घेतली की दुसरी कुठे गेली ते कळेना. एकदा सासरेच गायब झाले. वर्षभर माझ्याकडे येणारी कामं मी मनाशी मोजून पाहिली: ओळखपत्राचे फोटो, शाळेचे फोटो, साखरपुडे. त्यासाठी हे भाडं भरणं म्हणजे भाजी आणायला हत्ती घेऊन जाण्यासारखं होतं. हा हिशेब अगदी बरोबर होता. आणि तरीही फुकटची मुदत संपून पडदा बंद झाला, तेव्हा मला साडूचं दुकान, त्याची काच आणि त्याचं वातानुकूलन एकदम आठवलं. तक्त्यातल्या आडव्या रेघा सॉफ्टवेअरच्या नव्हत्याच, माझ्याच होत्या, असं काहीतरी वाटलं.

शेवटी मी पिलाच्या चित्राचं सॉफ्टवेअर उघडलं, न कापलेला मूळ फोटो घेतला, उजेड वाढवायचं एक बटण दाबलं आणि छापला. मधे भावड्याची जागा तशीच रिकामी. बायकोच्या समाधानासाठी फ्रेमही केली, लहानशी. दाखवायचा विचार नव्हता.

सासूबाईंनी दोघी लेकींना आणि जावयांना जेवायला बोलावलं, तेव्हा साडू गाडीतून मोठी फ्रेम घेऊन उतरला. तपकिरी कागद काढला आणि सगळे पुढे सरकले. भावड्या आईवडिलांच्या मधे उभा होता. टोपी नव्हती, कोटाच्या जागी पांढरा सदरा होता. चेहऱ्यावर जतचं ऊन होतं. सासूबाईंच्या पदराचं टोक त्याच्या बाहीवर आलं होतं आणि त्याची सावली सासऱ्यांच्या धोतरावर बरोबर पडली होती. मी चूक शोधत होतो. कान पाहिले, बोटं पाहिली, पायाखालची माती पाहिली. एकही चूक नव्हती. माणसाने इतकं निर्दोष काम करावं आणि वर आपल्याकडे पाहून हसावं, हे सहन होत नाही.

साडूने फ्रेम खिळ्याला लावली. सासूबाई भाकरीचे हात पुसत बाहेर आल्या आणि बघत राहिल्या.

"ह्यो कवा आला हुता?"

"आला न्हवता, मामी. बसिवलाय," साडू म्हणाला.

"बसिवलाय? शेजारच्या म्हाताऱ्यागत?"

त्या म्हाताऱ्याचा नातवाच्या लग्नातला फोटो सासूबाईंनी शेजारी किती वेळा पाहिला असेल. पाहणारे सगळे त्याला हात जोडत.

"बसिवत्यात ती गेलेल्यास्नी. माजं प्वार जितं हाय. उतरवा त्यो."

"अगं, जावयानं लय कष्टानं केलाय," सासरे म्हणाले.

"केला आसंल. म्हणून काय रोज दारातनं आत आलं की ह्ये बगू व्हय मी?"

साडूने फ्रेम उतरवली. त्याचा चेहरा पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण फार वेळ टिकला नाही, कारण तेवढ्यात माझी बायको म्हणाली, "ह्यांनी पण आणलाय एक." मी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली होती. तिने वाकून ती काढलीच.

सासूबाईंनी लहान फ्रेम हातात घेतली आणि मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं कोण हाय?"

"कोणी नाही, मामी. जागा आहे."

"भावड्याची," बायको म्हणाली.

त्यांनी पदराने काच पुसली. मग फ्रेम माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "ह्यो लावा. रजंवर आला की हितं हुबा ऱ्हाईल, मग नवा काडू."

मोठ्या भिंतीवर ती फ्रेम अगदीच एवढीशी दिसत होती. पण खिळा माझा झाला होता. साडू शेजारी येऊन म्हणाला, "पाव्हणं, ह्ये माझ्या डोक्यात आलं न्हाई. लय भारी केलं तुमी." आणि तेव्हाच मला आठवलं, की ती जागा त्याने ठेवली होती. मामा जरा डावीकडं, मामी तुमी हिकडं. मी फक्त खुर्चीवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं. सासूबाईंना त्या फोटोत जे आवडलं ते त्याचं होतं. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी काही ते त्याच्या लक्षात आणून दिलं नाही.

जेवणं झाल्यावर भावड्याचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी फोन भिंतीपुढे धरला.

"ह्यात मी कुटाय?"

"तुजी जागा हाय बग मधी."

"बरं हाय," तो म्हणाला. मग बहिणीच्या हातात फोन गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "धाकट्या दाजींनी मी असलेला केला हुता म्हणं, त्यो कुटाय?"

साडूने तिथल्या तिथे पाठवला. सासूबाई तेव्हा आत भांडी लावत होत्या. पुढे कळलं, की भावड्याने तो मोबाइलच्या पडद्यावर लावलाय. बराकीत सगळ्यांना दाखवतो, ह्यो मी, घराच्या वास्तुशांतीला.

म्हणजे माझा फोटो जतला भिंतीवर आहे, आणि साडूचा ज्याने घर बांधलं त्याच्या खिशात. मोठं सॉफ्टवेअर मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. हिशेब तेव्हाही बरोबर होता. पण दुकानात पंखा बंद करून कुणाचा पासपोर्ट फोटो काढताना मधेच मनात येतं, मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर सासऱ्यांच्या धोतरावरची ती सावली दिसत असेल का.

दिसत असणार.