तोड कवा?

आमच्या गाण्याचे शब्द आबांचे, ताल आबांचा आणि सुरुवातीचा आवाजही आबांचाच. आबांना मात्र गाणं या प्रकाराशी आयुष्यात कधी घेणंदेणं नव्हतं. माझे वडील तोफखान्यातून निवृत्त झाले. तोफांनी एक कान नेला, आणि तेव्हापासून ते फोनवर अशा आवाजात बोलतात की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं.

ऊस असलेल्या घरात दिवाळी सरली की एकच प्रश्न उरतो: तोड कधी? कारखान्याने नंबर लावायचा, टोळी पाठवायची, मगच ऊस तुटतो. याला आमच्याकडे तोड येणं म्हणतात. ती कधी येणार हे ठाऊक असतं फक्त चिटबॉयला, म्हणजे कारखान्याकडून तोडीची चिठ्ठी आणून देणाऱ्या माणसाला. आमचा चिटबॉय पन्नाशीचा आहे आणि त्याला नातवंडं आहेत. आबा रोज चहा झाला की त्याला फोन लावत. "तोड कवा? आवं, तोड कवा? आमची तोड कवा?" पलीकडून उत्तर येई, बघू. मग आबा फोन ठेवत आणि सैन्यात शिकलेली एक हिंदी शिवी देत.

मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून कराडला परत आलो होतो, रॉक बँड काढायला. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जे काही सांगायचं ते आईमार्फत. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी भेटेल त्याला सांगत असे. वाटत होतं, फार वाटत होतं.

बँड म्हणजे मी आणि मलकापूरचा एक ड्रमवाला. त्याच्या काकाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्याच्या माडीवर आमची तालीम चाले. माझ्या गिटारची तारा टेकायची घोडी मोडली तेव्हा मी ती मिरजेला तंबोरे करणाऱ्याकडून बसवून आणली. त्याने सवयीने तिला जवारीही लावून दिली, त्यामुळे गिटार तंबोऱ्यासारखी झणझणायला लागली. पुढे जाणकारांनी या झणझणाटावर बरंच लिहिलं.

एका सकाळी आबांचा फोन चालू असताना माझ्या लक्षात आलं की त्या तीन प्रश्नांना पक्का ताल आहे. रेकॉर्ड करू का, म्हणून आईकडून विचारून घेतलं. आबांना वाटलं, मी कारखान्याविरुद्ध पुरावा गोळा करतोय. पोरगं शेवटी कामाला लागलं, अशा समजुतीने त्यांनी त्या दिवशी जरा जास्तच जोर लावला. गाण्यात आहे तो हाच आवाज.

गाणं चाललं. का चाललं ते कळायला आम्हाला पुण्याला जावं लागलं. तिथली पोरं "तोड" ऐकलं की उड्या मारत होती, आणि एकाने स्टेजसमोर प्लास्टिकची खुर्ची खरोखर तोडली. त्यांना ती आज्ञा वाटली होती. "कवा" हे कुणाचं तरी नाव असावं असा त्यांचा अंदाज होता. मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, तुम्हाला नेमकी कोणती व्यवस्था तोडायची आहे? मी म्हणालो, ऊस. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि ऊस हे शोषणाचं रूपक आहे असं छापलं.

गावाकडे मात्र कुणाचाच गैरसमज झाला नाही, आणि पंचाईत तिथेच झाली. चिटबॉय चहाला टेकला की कुणीतरी मोबाइलवर गाणं लावी. त्याच्या सुनेने रिंगटोनही तीच ठेवली. चारचौघांत हसं झाल्यावर माणूस काय करणार? त्याने आमच्या शेताची वाट सोडली. शेजाऱ्याचा ऊस तुटला, बांधापलीकडचा तुटला, आमचा उभाच. त्याला तुरे आले. तुरे दिसायला छान दिसतात, पण उसाचं वजन घटतं. आई म्हणाली, आबा रोज बांधावर जाऊन उभे राहतात आणि आता चिटबॉयला फोनही लावत नाहीत. त्यांचा ऊस माझ्या गाण्यापायी वाळत होता.

चिटबॉय मला कारखान्याच्या गट ऑफिसबाहेर सापडला. मी माफीची तयारी करून गेलो होतो. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली. त्याची तक्रार वेगळीच होती.

"तुझ्या बापाचं समद्या म्हाराष्ट्रानं ऐकलं," तो म्हणाला. "मी रोज उत्तर देतोय, ते कुटं हाय?"

मी तिथेच मोबाइल पुढे केला. त्याने चार-पाच तऱ्हांनी "बघू" म्हणून दाखवलं आणि त्यातलं कुठलं घ्यायचं तेही स्वतःच ठरवलं. अशी गाण्याची दुसरी आवृत्ती निघाली: आबा विचारतात, तो बघू म्हणतो. ड्रमवाल्याला टोळीच्या मुकादमाला घेऊन तिसरी काढायची होती. मी म्हटलं, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. चिटबॉय आता स्वतःच चहाच्या दुकानात गाणं लावायला लागला, आणि आठवड्याच्या आत आमची चिठ्ठी आली.

टोळी येणार त्या दिवशी आम्ही सांगलीला होतो, संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी करत. फोन वाजला. आबांचा होता, मी नोकरी सोडल्यानंतरचा पहिला.

"तोड न्हाई," आबा ओरडले.

त्यांच्यामागे ट्रॅक्टर धडधडत होता. उसाच्या ट्रॅक्टरवर स्पीकर लावल्याशिवाय आमच्याकडे ऊस हलत नाही, आणि त्या स्पीकरवर आमचंच गाणं चालू होतं. एक आबा स्पीकरवरून तोड कवा म्हणून विचारत होते, चिटबॉय बघू म्हणत होता, आणि दुसरे आबा मला न्हाई म्हणून सांगत होते. मी म्हटलं, आबा, थांबा, चिठ्ठी आजचीच आहे, मी चिटबॉयशी बोलतो.

"त्याला कशाला मधी घालतोस?" आबा म्हणाले. "ऊस तुटाय लागलाय. गाण्याला तोड न्हाई म्हणतोय मी."

आणि त्यांनी फोन ठेवला.

ड्रमवाल्याने विचारलं, काय झालं? तोड न्हाई, मी म्हणालो आणि रडायलाच लागलो. बिचारा कितीतरी वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत राहिला की आज नाही तर उद्या नक्की येईल.