केकवरचं पहिलं नाव

माझी मुलगी एक वर्षाची झाली तेव्हा आम्ही मालेगावात भाड्याने राहत होतो. नाशिककडचं नव्हे, वाशिम रोडवरचं आमचं मालेगाव. केक बेकरीतून आणणं सोपं होतं, पण पहिला केक मी माझ्या हाताने करणार, असं मी आधीच सगळ्यांना सांगून बसले होते. एप्रिल महिना होता. नवरा सकाळीच सासूबाईंना आणायला शेलूबाजारला गेला. घरात मी आणि लेक, दोघीच.

ओव्हन नव्हता. कुकरच्या तळाशी मिठाचा जाड थर दिला, शिट्टी आणि रबर काढून ठेवलं, आणि मग लक्षात आलं की माझा केकचा डबा कुकरात बसतच नाही. बोटभर मोठा होता. मी एकेक भांडं काढून मापून बघत होते, तेवढ्यात मागच्या दारात मावशी उभ्या दिसल्या.

मावशी म्हणजे आमच्या मागच्या घरात एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांचं अंगण आणि आमचा मागचा ओटा यांच्यामध्ये एक बुटकी भिंत होती, बस. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी. लग्नसराईत नवरीला मेंदी काढायला त्यांना गावोगावून बोलावणं यायचं. वर्षभरात आमचं बोलणं 'झालं का जेवण' याच्या पलीकडे गेलं नव्हतं. त्यांच्या हातात ॲल्युमिनियमचा गोल डबा होता. जुन्या घडणीचा, पण आतून एकही ओरखडा नसलेला.

"हा बसते तुया कुकरात," त्या म्हणाल्या.

बसला. भांड्यांची आदळआपट ऐकून आल्या असतील, असं मी धरून चालले.

केक छान फुगला. काडी खुपसून पाहिली, कोरडी निघाली. मावशी गेल्या नाहीत, दाराला टेकून बघत राहिल्या. केक गार झाल्यावर मी क्रीम फेटायला घेतलं आणि ते जमून येता येता लाइट गेली. आमच्या गल्लीतले सगळे कूलर एकदम थांबले. इतका वेळ ती घरघर आहे हेच कानांना कळत नव्हतं. आता इतकं सामसूम झालं की मुलीचं रडणंसुद्धा मोठं वाटायला लागलं. ती उकाड्याने हैराण झाली होती, आणि क्रीम माझ्या डोळ्यांदेखत सैल पडत होतं. मावशींनी मला पुढे घरमालकांकडून बर्फ आणायला सांगितलं. पोरीला मी पाहते, म्हणाल्या.

मला यायला दहा-पंधरा मिनिटं लागली. घरात शिरले तर रडण्याचा आवाज नव्हता. मुलगी ओल्या फडक्यावर बसून एकटक मावशींच्या हाताकडे बघत होती. त्यांनी क्रीमचं भांडं माठाच्या गार पाण्यात ठेवून सावरलं होतं आणि दुधाच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन वळला होता. उपड्या पातेल्यावर ताट, ताटात केक, आणि केकच्या कडेने गुलाबी वेल, नवरीच्या मनगटावर काढतात तशी, पानाला पान लागलेली. मला जन्मात जमली नसती. मधोमध वळणदार अक्षरात एका मुलीचं नाव लिहिलं होतं.

ते माझ्या मुलीचं नाव नव्हतं.

ते कोणतं होतं हे मी इथे लिहीत नाही. मावशींना विचारलं, हे कुणाचं? त्यांनी केककडे बराच वेळ पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणी लिहून ठेवलं होतं. मग चुकलं म्हणाल्या. चेहऱ्यावर ओशाळेपणा अजिबात नव्हता. सुरीने पांढऱ्या क्रीमचा पातळ हात त्यावर फिरवला आणि मी सांगितलेलं नाव नीट लिहून दिलं. मी त्यांना संध्याकाळी या म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण आल्या नाहीत.

संध्याकाळी सासूबाई, नवरा, घरमालकांकडची माणसं, सगळे केकभोवती जमले. मुलगी माझ्या कडेवर होती. फोटोसाठी सगळे तिला हाका मारत होते. इकडे बघ, तिकडे बघ. एरवी नाव घेतलं की हसणारी पोर, त्या दिवशी कुणाकडेच बघेना. तिचे डोळे मागच्या बंद दाराकडे लागले होते. सासूबाईंनी खुळखुळा वाजवला, नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. काही नाही. दमली असेल, असं ठरलं.

मेणबत्ती विझवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी हात धरला. लेकराच्या दिवशी दिवा विझवत नाहीत, जळू द्या म्हणाल्या. मग ती जळत राहिली आणि केक कापायचं फोटोंपायी लांबत गेलं. मेणबत्ती नावाच्या अगदी जवळ खोचलेली होती. तिच्या उष्णतेने वरचं क्रीम ढिलं होऊन एका अंगाला सरकलं आणि त्याखालून गुलाबी अक्षरं वर आली.

सासूबाई चष्मा सावरत वाकल्या. "हे खाली काय लिवलं व?" असं म्हणून त्यांनी ते नाव एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं.

माझ्या कडेवरची मुलगी गर्रकन वळली. सासूबाईंकडे बघून हसली आणि दोन्ही हात पुढे केले, हाक ओळखीची असल्यावर करते तसे.

बाकीच्यांना एवढंच दिसलं की ती शेवटी हसली. नवऱ्याने पटकन फोटो घेतला. मी सुरी उचलली आणि केक बरोबर त्या नावावरून कापला.

दुसऱ्या दिवशी डबा घासून पुसून द्यायला गेले. लेकीला घरी सासूबाईंजवळ ठेवलं. मावशींनी मला बसवलं, पाणी दिलं. मी विचारायच्या आधी त्याच बोलल्या. त्यांना एक मुलगी झाली होती. अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. डबा तिच्या वाढदिवसासाठी घेतलेला. ते नाव तिचं. मी दुपारी आत भांडी घासत असायचे, लेक मागच्या ओट्यावर खेळायची, तेव्हा त्या भिंतीपलीकडून तिच्याशी बोलायच्या. त्याच नावाने.

मला राग आला आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, मावशी, रोज ऐकून लेकरू शिकतं. तुम्ही तिला ते शिकवलंत.

त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि पदराने पुसू लागल्या. तो कोरडाच होता.

"मी शिकवलं नाई बाई तिले," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिल्याच खेपेले हाक मारली, तवाच तिनं वळून पाह्यलं. मी तर पाह्यतच राह्यली."

मी उठून आले. त्या दिवसापासून मागच्या दाराला कडी घातली. लेकीला पुढच्या खोलीत खेळवायचं, ओट्यावरचे कपडे ती झोपल्यावरच वाळत घालायचे. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण एवढ्या लहान पोरी कोणत्याही आवाजाला वळतात, म्हणाला. असेलही. मात्र चार-पाच दिवस ती आम्ही ठेवलेल्या नावाला ओ देत नव्हती. रांगत जायची आणि मागच्या दाराशी जाऊन बसायची. दार वाजवायची नाही, रडायची नाही. नुसती बसून राहायची, मधूनच हसायची. मी दाराला कान लावून ऐकायचे. पलीकडून कुणाचा आवाज यायचा नाही.

मावशींनी मला कधी जाब विचारला नाही. पावसाळा सुरू व्हायच्या आधी त्या घराला कुलूप लावून मंगरुळपीरला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना पुढच्या दाराने आल्या, लेकीच्या गालाला हात लावला. नाव मात्र घेतलं नाही, कोणतंच. तेवढं त्यांनी माझ्यासाठी केलं, आणि मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्याची खंत आहे.

हळूहळू लेक आमच्या हाकेला यायला लागली. अडीच वर्षांची असताना कुणीतरी नाव विचारलं तर तिने आपलं नाव स्पष्ट सांगितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता ती शाळेत जाते. तिला यातलं काही माहीत नाही.

कधी कधी ती पाठमोरी बसून चित्रं रंगवत असते आणि ते नाव माझ्या ओठांवर येतं. हलकेच म्हणून पाहावं, ती वळते का एकदा बघावं, असं वाटतं. मी आजवर ते म्हटलेलं नाही.