शीग धरायची राहिली

मंडळी, हे आजच वाचनालयाच्या फळ्यावर लिहितोय, कारण माझ्यासारख्या मॅट्रिक नापास माणसाने गणिताची शिकवणी चालवावी का, हा वाद इथेच निघाला होता.

आज माझ्या शिकवणीतल्या मुलांनी पोह्यांसाठी पुठ्ठ्याचे खोके केले. पुठ्ठा सर्वांना सारखाच, आणि आत एक मापटं पोहे मावायला हवेत. मापट्याचं घनफळ मी दोनदा तपासलं होतं. खोका पसंत पडला तरच पोहेवाल्या काकू आपल्या मुलीला, सुमनला, शिकवणीला ठेवणार होत्या.

काकूंनी मापटं ओतलं. पोहे बाहेर सांडले.

"काय रं मास्तर, तुझं गणित सांडलं की!"



सुमन म्हणाली, "आये, तू शीग लावून भरलंस. आमी सपाट धरलं."

खरंच, आपल्याकडे सपाट कोण मोजतं? मग मुलांनी मापट्याच्या काठावरचा ढीग, म्हणजे शीगही हिशेबात घेतली. पुठ्ठा मात्र वाढवायचा नव्हता. सुमनने लांबट, चपटा खोका मोडून सगळ्या बाजू सारख्या केल्या. पृष्ठफळ तेवढंच राहिलं आणि शिगेसकट पोहे मावले.

काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हिला तुझ्याकडं."

मी दोन्ही मापं शिकवणार आहे. तुम्हाला शाळेत कुणी शीग शिकवली होती का?