मनगट का टाच

कोपरापर्यंत हात म्हशीच्या पोटात होता आणि मागं सासू ओरडत होती, "काऊन वं, सवाष्ण बाई हात रिकामा करते काय?" उजव्या हातातल्या बांगड्या मी दगडावर फोडल्या होत्या. उतरवत बसायला वेळ नव्हता. एक खूर बाहेर आला होता आणि पहाटेपासून पुढं काही सरकत नव्हतं.

माझ्या अंगावर दूध नव्हतं. चार महिन्यांची पोर मागून आणलेल्या दुधावर होती आणि शेजारची गाय आटत आली होती. अमडापूरच्या बाजारातून आणलेली ही म्हैस गेली असती, तर पोरही गेली असती.

म्हातारा गुराखी सांगत होता, "पुढचा पाय हाय. डोकं आत मुरडलं. डोकं हुडक."

माझा दीर नागपूरला कॉलेजात होता. दिवाळीला त्यानं बांधावर पडलेली बैलाची हाडं माझ्या हातापायाशी ताडून दाखवली होती. बैलाच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट. मागच्या पायाला वर टोक दिसतं ती टाच. अशा अवयवांना तो 'समजात' म्हणायचा. पूर्वज एक म्हणून घडण एक, मग काम काही का असेना. वटवाघळाचा पंख आपल्या हाताचा समजात आहे, माशीच्या पंखाचा नाही.

"दोघंही उडतात, पण नातं नाही, वहिनी."

"मंग मी अन् म्हैस बहिणी काय, भाऊजी?"

"लांबच्या."

तेव्हा मी हसले होते. आता बोटं त्या पायावरून वर गेली आणि सांध्याचं टोक लागलं. मनगटाला असं टोक नसतं.

"बाबा, डोकं इकडं नाहीच. मागचा पाय हाय."

"चौथी शिकली तू. तुले काय समजते?"

"मलेही टाच हाय."

डोकं शोधणं मी सोडलं. दुसरा मागचा पाय आत दुमडला होता. गर्भाची पिशवी फाटू नये म्हणून त्याचा खूर मुठीत झाकला आणि कळ थांबली की थोडा थोडा ओढला. हात बधिर झाला तरी बाहेर काढला नाही. दोन्ही पाय आले, तसं रेडकू ओढून काढलं. वगार होती.

वगार दुपारपर्यंत श्वास घेत होती, मग मेली. वगारीविना पान्हा सुटावा म्हणून भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढ्यात ठेवून मी म्हैस पिळली. म्हैस जगली आणि माझी पोर जगली.