नाला कोणाचा?

थंडी अशी की शेवंती खुडताना बोटं बधिर व्हायची. गंगापूर रोडच्या मागल्या मळ्यात लताबाई फुलं खुडत होती, पण डोळा बांधावर होता. कॉलनीचा नाला तुंबून घाण पाणी सऱ्यांत शिरलं होतं. असंच राहिलं तर मुळं कुजून सगळा प्लॉट बसणार होता.

पूर्वी वॉर्डाला एकच नगरसेवक असायचा. त्याच्या ओट्यावर जाऊन बसलं की काम व्हायचं, नाहीतर शिव्या तरी कोणाला द्यायच्या ते कळायचं. मग प्रभाग चौघांचा झाला आणि नाला कोणाचाच राहिला नाही. पहिला दुसऱ्याकडे धाडी, दुसरा तिसऱ्याकडे. मतंही चार द्यायची, दर जागेला एक. तिची जाऊ मालनबाई तर मागच्या खेपेला एकच बटण दाबून निघाली होती. केंद्रावरच्या साहेबांनी तिला दारातून माघारी बोलावलं.

यंदा चार उमेदवार एकाच गाडीतून उतरले, गळ्यात एकाच रंगाचे पंचे. त्यांचा पुढारी देवराम म्हणाला, मावशी, चारही मतं आपल्याच पॅनलला. लताबाईला नवल वाटलं. मतं आपली, मग एकाच पाटीत का टाकायची?

"ह्या चौघांत नाला कोणाचा?" तिनं विचारलं.

चौघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

"मग ऐका. जो माझा म्हणल, त्याला एक मत. बाकीची तीन दुसरीकडं. आमची आख्खी वस्ती तसंच करणार हाय."

वस्तीचं काहीएक ठरलं नव्हतं. तिनं आपलं ठोकून दिलं. पण मालनबाईनं ऐकलं, आणि तिच्या तोंडून दिवस मावळायच्या आत ते घरोघर झालं.

दुसऱ्याच दिवशी त्या चौघांतली रोहिणी मागल्या वाटेनं एकटीच आली. पंचा पिशवीत होता.

"काकू, आमच्या बाकीच्यांचं तुम्ही बघा, मला तेवढं विसरू नका. नाला माझा."

ती बांधावरून उतरते न उतरते तोच समोरच्या पक्षाचा, दुसऱ्या जागेवरचा वाल्मीक आला. त्याचंही तेच म्हणणं: जोडीदारांचं काहीही करा, मत मला द्या, नाला माझा.

मतदानाच्या दिवशी मशिनवर लताबाईनं एक मत रोहिणीला, एक वाल्मीकला दिलं. उरलेली दोन नोटाला. वस्तीनंही बरंचसं तसंच केलं असावं, कारण रोहिणी आणि वाल्मीक दोघंही निवडून आले.

पुढच्या आठवड्यात नाल्याच्या दोन्ही काठांवर दोन जेसीबी. दोघांचेही फोटोवाले हजर. आधी हात कोणी लावायचा यावरून बाचाबाची चालली होती.

"चारही मतं एकाच पॅनलला दिली असती, तर आला असता का एकतरी?" लताबाईनं विचारलं.

रोहिणी हसली. वाल्मीकनं ड्रायव्हरला खूण केली. गाळ निघाला, आणि सऱ्यांतलं पाणी हळूहळू ओसरायला लागलं. ते पुरतं उतरेपर्यंत लताबाई बांधावर उभी राहिली, मग पदर खोचून मोकळ्या झालेल्या सरीतली फुलं पाटीत भरायला बसली.