रविवारची पाव्हणी

आमच्या शाळेत मिश्र अध्ययन आणायचं ठरलं, तेव्हा आठवीच्या गणिताचं नियोजन माझ्याकडे आलं. म्हणजे मीच ते अंगावर ओढून घेतलं. धडा मुलांनी घरी मोबाइलवर पाहायचा आणि उदाहरणं शाळेत सोडवायची, इतकी साधी गोष्ट. मी तिचा तीन रंगांत तक्ता केला.

त्याआधी घरोघरी जाऊन पाहणी करायची होती. मी खुर्चीवर बसूनच ती उरकली. वर्गाला विचारलं, "ज्यांच्या घरी मोबाइल नाही, त्यांनी हात वर करा." एकही हात वर गेला नाही. मी लिहिलं, सर्वांकडे आहे.

वर्गात एक मुलगी होती. मी फळ्यावर काही लिहिलं, की तिचा हात वर, "पण सर, असं काऊन?" कधी कधी मलाच उत्तर यायचं नाही. मग मी म्हणायचो, "उद्या सांगतो," आणि घरी जाऊन पुस्तक उघडायचो.

कोणी कोणता धडा कधी पाहिला, हे मला माझ्या मोबाइलवर दिसायचं. हिचे आठवडाभर शून्य आणि रविवारी पाचही धडे एका दमात. मला वाटलं, नुसते सुरू करून ठेवते. सोमवारी भर वर्गात म्हणालो, "या रविवारच्या पाव्हण्या! बाकी दिवस गणित घरी नसते वाटते?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. विनोद जमला की मला आवरत नाही.

'पाव्हणी' हे नाव तिला चिकटलं आणि तिचा हात वर येणं थांबलं.

तिचा हात काही वर येईना, म्हणून महिन्याभरानं तिच्या गावी, रोहण्याला, तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा ठेवला.

"बाबा दिसत नाहीत?"

"ते हिंगणघाटले कापसाच्या जिनिंगवर कामाले हायेत जी. आयतवारी येतेत. मोबाइल त्यायच्याजवळच राह्यते न. ते आले का पोरगी दिवसभर मोबाइलले सोडत नाई, जेवाले बी उठत नाई. हुशार हाये न जी?"

"हो," म्हणालो आणि गरम चहा तसाच गिळला. मुलगी दारात उभी होती. तिनं आईला काहीच सांगितलं नव्हतं.

नालवाडीला घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अवो, चाळीस पोरायसमोर मोबाइल नाई म्हून कोन हात वर करन? मी बी नसता केला. तुमी मास्तर कशे झाले?"

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर म्हणालो, "चूक माझी होती. मी न विचारता बोललो." ती खाली पाहत म्हणाली, "काई नाई सर." मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच 'पाव्हणी' म्हणालंच.

आता धडे शाळेतच मोठ्या पडद्यावर दाखवतो. तिची सगळी उदाहरणं बरोबर येतात. मी फळ्यावर मुद्दाम एखादी पायरी गाळतो आणि थांबतो. तिला चूक दिसते. मला कळतं, कारण तिची पेन्सिल थांबते. मग ती वहीत ती पायरी भरते आणि माझ्याकडे न पाहता पान उलटते.